तंबोरा कोणी घडवला?

अरबी भाषेत ‘ऊद’ म्हणजे लाकूड. त्याच नावाचे आखूड मानेचे, फुगीर पोटाचे तंतुवाद्य अरबांबरोबर स्पेनला पोहोचले आणि त्याच्या ‘अल्-ऊद’ या नावातून युरोपातल्या ‘ल्यूट’चे नाव तयार झाले. फारसीत ‘सेह’ म्हणजे तीन. सेहतार म्हणजे तीन तारांचे वाद्य. इराणच्या सेहताराला आज चार तारा आहेत, आपल्या सतारीला 18 ते 20. तारा वाढल्या, घाट बदलला, वाजवण्याची रीत बदलली. नाव मात्र तीन तारांचेच राहिले. वाद्ये अशीच प्रवास करतात. जिथे जातात तिथले लाकूड आणि तिथला कान स्वीकारतात.

म्हणूनच ‘हे वाद्य कोणाचे?’ हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ‘हे वाद्य कोणी घडवले?’ हा प्रश्न मात्र आपण विचारायलाच हवा. त्यासाठी फार लांब जायला नको, मिरजेपर्यंत गेले तरी पुरे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत फरीदसाहेब नावाचे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस सरले तसे हत्यारांचे कामही आटले. फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले, पुढे तंतुवाद्ये घडवू लागले आणि शिकलगारांच्या घराण्याला ‘सतारमेकर’ हे नाव पडले. तलवारीचा हात तारेवर आला, याहून सुंदर धर्मांतर मला तरी ठाऊक नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या परिसरातून. त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची, खुंट्या बसवायच्या, घोडी बसवायची आणि शेवटी जवारी काढायची. घोडीचा माथा कणाकणाने घासून तार गुंजू लागेपर्यंत हे काम चालते. ते मोजपट्टीने होत नाही, कानानेच होते. रमजानात हेच काम रोजा ठेवूनही चालते. त्यातला एखादा तंबोरा देवळातल्या अभंगाला सूर देतो, तर एखादा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिमैफलीत लागतो.

एवढे सांगून ‘हीच आपली गंगाजमनी संस्कृती’ म्हणत टाळ्या घेता येतात. पण टाळ्यांनी कारागिराची चूल पेटत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. मात्र मानांकन नावाला संरक्षण देते. गिऱ्हाईक आपणच व्हावे लागते. आज रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलमधले ॲप पुरते. सोय म्हणून ते ठीकच आहे. पण जवारी ओळखणारे कानच उरले नाहीत, तर ती काढणारा मुलगा बापाच्या शेजारी कशासाठी बसेल?

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक महाविद्यालयाच्या संगीत विभागात निदान एक हातघडीचा तंबोरा असावा आणि त्याच्या देखभालीसाठी कारागिराला रीतसर मोबदला देऊन बोलवावे. मैफलीत गायक, तबलजी, पेटीवाले, एवढेच काय, ध्वनिव्यवस्थावाल्यांचेही नाव घेतले जाते. तिथेच वाद्य घडवणाऱ्याचेही नाव घ्यावे. त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

ईदच्या दिवशी शेजारी शीरखुर्मा प्यायला येतात, ती गोडी हवीच. पण शेजाऱ्याचा हुनर ओळखणे आणि त्याचे योग्य दाम मोजणे, हीसुद्धा शेजारधर्माचीच गोष्ट आहे.