बाठ्यातले बिऱ्हाड

पावसाळा सुरू झाला, की आमच्या न्हाणीघराच्या मोरीतून एखादी गोम हमखास वर येते. गेल्या आषाढातही आली. मी चप्पल उचलली, तोच दारातून नात ओरडली, "आजोबा, थांबा! तिचे पाय मोजायचेत."

हे वेड तिला एका पुस्तकाने लावले. ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांचे १९६१ साली प्रसिद्ध झालेले 'जेम्स अँड द जायंट पीच'. जेम्स पोरका मुलगा. आँट स्पंज आणि आँट स्पायकर या दोन खाष्ट बायका त्याला छळतात. एके दिवशी परसातल्या झाडाला घराएवढे पीच धरते. जेम्स आत शिरतो, तर बाठ्यात बिऱ्हाड थाटलेले! नाकतोडा, गोम, गांडूळ, कोळीण, लेडीबर्ड, काजवा आणि रेशमाचा किडा. सगळे अंगाने थेट त्याच्याएवढे.

यातले गोम, गांडूळ आणि कोळी हे शास्त्राप्रमाणे कीटक नव्हेत. कीटकाला पाय सहाच. पण डाल यांची निरीक्षणे कच्ची नाहीत. त्यांचा नाकतोडा सांगतो, माझे कान पोटावर आहेत. ते खरेच असतात. त्यांच्या गोमेला, शंभर असल्याची फुशारकी असली तरी, पाय ४२. आपल्याकडच्या मोठ्या गोमेलाही बहुधा २१ जोड्याच असतात.

मला मात्र खरी गंमत पुढे वाटली. पीच समुद्रात पडते, शार्क ते कुरतडू लागतात. तेव्हा जेम्स सोबत्यांकडे बघतो, ते कोणाला काय येते एवढेच. कोळीण आणि रेशमाचा किडा दोर कातून देतात. सर्वांत भित्रे, सतत रडगाणे गाणारे आंधळे गांडूळ आमिष होते. त्याला टिपायला आलेले ५०२ समुद्रपक्षी दोरांना बांधले जातात आणि पीच आकाशात उडते.

बँकेतल्या नोकरीत मी नेमके उलटे केले. टेबलापलीकडच्या माणसाच्या झिजलेल्या चपला पाहून मनातल्या मनात त्याची पत ठरवून टाकायची. त्याला येते काय, हे विचारायचे बऱ्याचदा राहूनच गेले. त्यातले किती गांडुळासारखे कामाचे होते, याचा हिशेब कुठल्याच खतावणीत नाही.

आणखी एक गोष्ट. कोळिणीच्या वडिलांना आँट स्पंजने टबाच्या मोरीतून वाहून दिलेले असते. तरी त्याच घरातल्या मुलासाठी ती रात्री मऊ बिछाना विणते. हे वाचताना माझ्या हातून मोरीत गेलेले किती कोळी आठवले!

मुलांना किळस जन्मतः फारशी नसते. ती आपण 'शी!' म्हणून शिकवतो. गोम चावते, तिला हात लावायचा नाही, हे सांगायलाच हवे. पण सावध राहणे वेगळे आणि दिसेल ते चिरडणे वेगळे. हा फरक घरातच शिकवावा लागतो, आणि पोरे तो आधी आपल्या हातातल्या चपलेवरून शिकतात.

त्या दिवशी मी चप्पल खाली ठेवली. सुपलीत घेऊन गोम अंगणात सोडली. ती इतक्या वेगाने कुंडीमागे पळाली, की पाय मोजायचे राहूनच गेले. नात म्हणते, पुढच्या पावसाळ्यात मोजू.