शनिवारचे दोन तास



गेल्या पालकसभेत एक मागणी पुढे आली. दर शनिवारी सकाळी पहिला तास आपण मुलांना धावायला नेतो आणि दुसऱ्या तासाला हस्तकलेला बसवतो. हे दोन्ही तास बंद करून तिथे गणित व इंग्रजीचे जादा वर्ग घ्यावेत, निदान आठवीपासून पुढे तरी, अशी ही मागणी आहे. सभेत तिच्या बाजूने वर झालेले हात थोडे नव्हते. येत्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे हा विषय येणार आहे. निर्णय मंडळच घेईल, पण शाळेत रोज मुलांसोबत असणाऱ्यांचे मत त्याआधी सर्वांना माहीत असावे, म्हणून या अंकात हे लिहीत आहोत. हे तास बंद होऊ नयेत असे आम्हांला वाटते.

मागणीमागची काळजी आम्ही समजतो. आपल्या शाळेतील बहुतेक घरे खानदेशातून, ताप्ती लाइनच्या गाडीने, पोटापाण्यासाठी इथे आली. कुणाच्या आजोबांनी लूमवर बारा-बारा तास काढले, कुणाच्या आईने साड्यांना टिकल्या लावून फी भरली. आपला मुलगा किंवा मुलगी त्या खात्यात जाऊ नये, दहावीला चांगले गुण मिळवून पुढे निघून जावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. आधीच मराठी माध्यम म्हटले की शेजारीपाजारी नाक मुरडतात. त्यात आपली मुले शनिवारी सकाळी तलावाकाठी धावताना दिसली की 'तुमच्या शाळेत शिकवतात की खेळवतात?' असा प्रश्न पालकांना ऐकावा लागतो. हे आमच्या कानांवर आहे.

पण या दोन तासांत काय चालते ते एकदा येऊन पाहावे, ही विनंती. मुले तलावाला दोन फेऱ्या मारतात. वेगाची स्पर्धा नसते. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे, दम लागला तर चालायचे, एवढाच नियम. शाळेत परतल्यावर ज्याने त्याने वाटेत पाहिलेली एक गोष्ट फळ्यावर लिहायची, आणि पहिली पाळी सर्वांत शेवटी पोहोचलेल्याची. हे जाणूनबुजून ठेवले आहे. जो मागे राहतो त्याला जास्त दिसते! सातवीतील एक मुलगा, जो वर्गात तोंड उघडत नाही, त्याने नोव्हेंबरात लिहिले, 'सप्तपर्णीचा वास आज कमी झाला.' म्हणजे ऑक्टोबरात तो वास होता, किती होता, हे त्याला आठवत होते. आपल्या सोसायट्यांच्या कडेने सप्तपर्णीची झाडे रांगेने लावलेली आहेत आणि त्यांच्या उग्र वासाने शरद ऋतू लागल्याचे कळते. आपल्यापैकी किती मोठ्यांच्या हे लक्षात येते? एप्रिलमध्ये बहावा पिवळाधमक होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो; पळस शहरात फारसा दिसत नाही, पण बार्डोली सोडून व्याऱ्याकडे निघालो की दिसतो. त्या गाडीने वर्षातून दोनदा गावी जाणारी मुले त्या वेळी बहुधा मोबाइलवर रील पाहत असतात.

एक गोष्ट इथे सांगणे उचित होईल. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. सुगरण पक्ष्याला आम्ही 'बया' म्हणत असू. 'खोपा' हा शब्द आम्हांला इथल्याच एका विद्यार्थिनीच्या आजीने दिला, बाभळीला लटकलेले घरटे दाखवून. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी त्याच खोप्यावर गाणे रचले आणि ते पाठ्यपुस्तकात आले. पण पुस्तकातल्या खोप्याचा अर्थ विचारला तर मुले 'घरटे' एवढेच सांगतात. प्रत्यक्ष खोपा हातात घेतलेली मुलगी सांगते, 'सर, त्याचं दार खालून असतं.' भाषा टिकवायची म्हणून आपण कार्यक्रम करतो, भाषणे करतो. शब्द मात्र वस्तूंसोबत टिकतात. खोपा, तिवर, दयाळ, शाडू, धावदोरा हे शब्द मुलांच्या तोंडी यायचे तर त्या वस्तू त्यांच्या वाटेत यायला हव्यात.

धावण्याविषयी थोडे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा हे गाव आपल्या गुजरातच्या सीमेपासून दूर नाही. तिथली कविता राऊत लहानपणी डोंगरवाटांवर अनवाणी धावली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवले. आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील कराडी आंबा गावची सरिता गायकवाड २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिलेच्या सुवर्णविजेत्या चमूत होती. ही नावे मुलांना माहीत असावीत, कारण या मुली आपल्याच मुलखातल्या आहेत. पण 'आमचाही मुलगा पदक आणील का?' असे कुणी विचारले तर उत्तर बहुधा 'नाही' हेच आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे अंग हलेल, श्वास वाढेल अशी हालचाल करावी असे सांगते. आपली मुले आठवड्यात किती मिनिटे करतात, हे प्रत्येक घराने स्वतः मोजून पाहावे. शनिवारचा तास काढून घेतला तर काही घरांत तो आकडा शून्यावर येईल.

अलीकडे शहरात मॅरेथॉनची हौस वाढली आहे. चांगले आहे. मात्र टी-शर्ट, मेडल, फोटो आणि मागे रस्त्यावर पडलेल्या पाण्याच्या बाटल्या पाहिल्या की धावण्याचा आनंद नक्की कुठे गेला असा प्रश्न पडतो. आमच्या तलावाच्या फेरीला प्रवेश फी नाही.

'निसर्ग पाहायला सापुताऱ्याला सहल नेऊ की!' असेही सुचवले गेले. सहल अवश्य नेऊ. पण सापुतारा वर्षातून एकदा, तोही बसच्या खिडकीतून. तापी तर रोजची आहे. आणि तापीची आपल्या मुलांना ओळख काय? मोठ्यांनी सांगितलेला २००६ च्या ऑगस्टचा पूर, किंवा पुलावरून जाताना दिसणारे पाणी. हिवाळ्यात कॉजवेवर कुरव पक्षी, ज्यांना सगळे 'सीगल' म्हणतात, हजारो कोसांवरून येऊन उतरतात. रविवारी तिथे मोठी गर्दी होते आणि लोक त्यांना गाठिया टाकतात. पुण्य म्हणून टाकतात, हे कबूल. पण मासे खाणाऱ्या पाखराला तळलेले बेसन आणि मीठ! गेल्या महिन्यात आठवीची मुले तिथे गेली तेव्हा त्यांनी काहीच टाकले नाही, नुसते अर्धा तास पाहिले. परतल्यावर तीन मुलांनी आपापल्या घरी गाठियाबद्दल वाद घातला, असे पालकांकडून कळले. हा वाद आम्हांला चाचणीतल्या गुणांइतकाच मोलाचा वाटतो.

आता हस्तकला. इथे आमची पालकांविषयी आणि थोडी शिक्षकांविषयीही तक्रार आहे. 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' नावाची स्पर्धा सगळीकडे होते. टाकाऊतून टिकाऊ करायचे, म्हणून पालक दुकानातून नवे थर्माकोल, नवी चमकी, नवा ग्लू आणि कधीकधी नवी बाटलीसुद्धा आणतात. आई रात्री एक वाजेपर्यंत जागून ताजमहाल करते, मूल झोपलेले असते, आणि बक्षीस मुलाला मिळते. आठवड्याने तो ताजमहाल कचऱ्यात जातो आणि तिथे वर्षानुवर्षे कुजत नाही. हा प्रकार आपल्या शाळेत यावर्षीपासून बंद केला आहे.

त्याऐवजी मुलांनी वाटेत सापडलेले आणि घरात असलेले, एवढ्यावरच काम करायचे. काय काय झाले ते सांगतो. पोळ्याला मातीचे बैल झाले. एकाचेही शिंग सारखे नव्हते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात मुली भुलाबाई बसवतात. इथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलींनी आजीला विचारून भुलोजी-भुलाबाई घडवल्या, गाणी लिहून घेतली, खाऊ ओळखण्याचा खेळ केला. एका आजींना शाळेत बोलावले तेव्हा त्या म्हणाल्या, 'चाळीस वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी विचारलं.' दिवाळीला किल्ला झाला. सुरतेत बसून शिवरायांचा किल्ला बांधायचा, यावर गुजराती शेजारी हसतात आणि १६६४ ची आठवण काढतात, आपणही हसावे! यंदा मुलांनी सोनगढचा किल्ला केला. पिलाजीराव गायकवाडांचे हे ठाणे आपल्या गावच्या वाटेवर, उकाई-सोनगढ स्थानकाजवळच्या डोंगरावर आहे, आणि कित्येक मुलांनी ते गाडीतून पाहूनही पाहिलेले नव्हते. किल्ल्याला माती कुठून आणायची हाच मोठा प्रश्न झाला. चार मजली इमारतीत राहणाऱ्या मुलाला 'माती विकत मिळते का?' असे विचारावे लागले. शेवटी विहिरीचे काम चालले होते तिथून दोन गोणी आणल्या. मोहरी पेरली, पाचव्या दिवशी डोंगर हिरवा झाला.

गोधडीचे काम अजून सुरू आहे. आपल्या शहरात चिंध्यांना तोटा नाही, पण त्या सिंथेटिक. घाम शोषत नाहीत. म्हणून आतल्या घड्या जुन्या सुती लुगड्या-धोतरांच्याच हव्यात, हे मुलींना (आणि मुलांनाही, कारण मुलगेही शिवतात) हात लावून कळले. गोधडीला घालतात तो टाका म्हणजे धावदोरा. सकाळी धावणे आणि मग धावदोरा, असा विनोद नववीच्या वर्गाने केला आहे.

हे सर्व नवे खूळ आहे असे कुणास वाटू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, तिथे मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण हा विचार मांडला गेला. त्यालाच पुढे नई तालीम म्हणू लागले. आपल्या जवळच वेडछीला जुगतराम दवे यांनी आदिवासी मुलांत तेच काम आयुष्यभर केले. आणि ताराबाई मोडक तर आपल्यासारख्यांसाठी खास आहेत: मराठी बाई, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले, दोन्ही भाषांत वावरल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सुरतेहून मुंबईला जाताना उमरगाम गेले की घोलवड स्थानक येते, तिथून बोर्डी जवळ. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख, दगड यांतून शिकवण्याची साधने बनवली, कारण विकतची साधने आदिवासी पाड्याला परवडणारी नव्हती. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी ठेवावेत असे म्हटले आहे. कोसबाडला हे बरेच आधी कळले होते.

काही आक्षेप खरे आहेत. हिवाळ्यात सकाळी हवा जड असते, मिलच्या बाजूला धूर उतरलेला असतो. अशा दिवशी धावणे रद्द होईल आणि मुले शाळेच्या आवारातच राहतील. दम्याचा त्रास असलेल्या मुलांची नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. रस्ता ओलांडताना पुढे-मागे शिक्षक असतातच. आणखी चार पालक आले तर बरे होईल, विशेषतः मुलींच्या रांगेसोबत एखादी आई असावी. दहावीच्या वर्गाबाबत आम्ही हट्ट धरत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत त्यांचा हस्तकलेचा तास गणिताला द्यावा, धावण्याचा मात्र ठेवावा. आठवी-नववीसाठी जादा वर्ग हवेच असतील तर ते शुक्रवारी शाळा सुटल्यावर घेण्यास गणित आणि इंग्रजीचे शिक्षक तयार आहेत, त्यासाठी वेगळी फी नाही. हा पर्याय लेखी स्वरूपात मंडळाकडे दिला आहे.

बैठकीपर्यंत शनिवार नेहमीप्रमाणे चालतील. येत्या शनिवारी पावणेसातला फाटकाशी जमायचे आहे. पायांत जुने बूट चालतील, नवे घेऊ नयेत. मुलांनी घरून एक करवंटी आणि हातभर सुतळी आणावी. उन्हाळ्यापूर्वी पाखरांच्या पाण्यासाठी टांगायची आहेत. ज्या पालकांची शुक्रवारची रात्रपाळी असेल त्यांनी पाळी सुटल्यावर घरी जाण्याआधी तलावाकडून यावे, मुले तिथेच असतील.