आवाजाची मर्यादा आणि मिक्सरवरचा हेडफोन: कौंडण्यपूरच्या मंडपातून पाहताना

मुंबई उच्च न्यायालयानं २३ जानेवारी २०२५ रोजी लाउडस्पीकरबद्दल निकाल दिला. लाउडस्पीकर वापरणं हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. भोंगे आणि ॲम्प्लिफायरमध्येच आवाजाची मर्यादा बसवता येईल का, याचाही विचार सरकारनं करावा, असं न्यायालयानं सुचवलं. बातम्या झाल्या, वाद झाले. पण मिक्सरमागे उभ्या असलेल्या साउंडवाल्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. माझ्या मते या निकालाचा सगळ्यात थेट परिणाम त्याच्यावरच होतो, आणि त्याच्या हातातलं सगळ्यात दुर्लक्षित साधन म्हणजे हेडफोन.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर घ्या. वर्धा नदीच्या काठावरचं हे रुक्मिणीचं माहेर. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, ही परंपरा १५९४ पासूनची सांगतात. कार्तिकात इथं यात्रा भरते. भजन, कीर्तन, टाळ, मृदंग, पेटी, शेजारी जनरेटर आणि हजारोंचा गलबला. लाइव्ह साउंडची याहून कठीण परीक्षा स्टेडियममध्येही नसते.

नियम काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज आजूबाजूच्या पातळीपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच चालतो.

आता मागच्या रांगेतले लोक म्हणतात, "महाराजांचं बोलणं समजून नाही राहिलं." साउंडवाला काय करतो? मास्टर वर करतो. माइक शिट्टी मारतो, पोलीस येतात, शब्द मात्र तसेच अस्पष्ट राहतात. कारण अडचण बहुतेक वेळा आवाज कमी असण्याची नसते, तो गढूळ असण्याची असते. उघडे राहिलेले माइक दुप्पट झाले, की शिट्टी सुरू होण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलनं घटतो. मृदंगाचा घुमारा कीर्तनकाराच्या माइकमध्ये शिरतो. एखाद्या केबलची पिन खरखरते. हे सगळं शोधायचं असेल तर एकेक चॅनल वेगळा ऐकावा लागतो. मिक्सरवरचं पीएफएल बटण त्यासाठीच असतं, पण हेडफोन चांगला नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

पहिली कसोटी: बाहेरचा आवाज किती अडतो

घरी गाणी ऐकायला उघड्या पाठीचे हेडफोन छान वाटतात. मंडपात ते निरुपयोगी. इथं कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचेच हवेत. हिशेब करून पाहू. मिक्सरजवळ ९५ डेसिबल आवाज आहे. हेडफोननं १० डेसिबल अडवले तर आत ८५ येतात. चॅनल नीट ऐकायला त्याच्या वर निदान १० डेसिबल, म्हणजे ९५ लागतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९५ ला पाऊण तास. सात दिवसांच्या सप्ताहात साउंडवाला रोज किती तास बसतो, ते तुम्हीच मोजा.

हेडफोननं २५ डेसिबल अडवले तर आत ७० येतात आणि ८० वर काम भागतं. फरक एवढा मोठा आहे. फक्त लक्षात घ्या, बेसचा आवाज कुठलाच हेडफोन फारसा अडवत नाही आणि थोडा हाडांतूनही कानात पोचतो. म्हणून बेसच्या डब्यासमोर बसून हेडफोनवर बेस ठरवू नका.

दुसरी कसोटी: वायर

ब्लूटूथ इथं नकोच. त्यात १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त उशीर होतो. टाळ हातात वाजलेला दिसतो आणि कानात नंतर येतो. वायरवाल्या हेडफोनमध्ये उलटी गंमत होते. मिक्सर स्पीकरपासून ३० मीटरवर असेल तर हवेतून येणाऱ्या आवाजाला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात, हेडफोनमध्ये तो लगेच येतो. म्हणून दोन्ही एकत्र ऐकताना घोळ होतो. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर हेडफोनलाही डिले देता येतो, तो वापरा.

तिसरी कसोटी: ओहम

लहान मिक्सरचं हेडफोन आउटपुट कमजोर असतं. २५० ओहमचा हेडफोन त्यावर दबका वाजतो. ३२ ते ८० ओहममधला घ्या.

मग कोणता?

सोनी एमडीआर-७५०६ (६३ ओहम) गेली तीसहून जास्त वर्षं कामाचा मानला जातो. वरचे सूर धारदार असल्यानं खरखर पटकन सापडते. वायर मात्र कायमची जोडलेली. सेनहायझर एचडी २५ (७० ओहम) हलका, एक कप कानावरून सरकवता येतो आणि जवळपास प्रत्येक भाग बदलता येतो. रोज भाड्यानं साउंड देणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट. सेनहायझर एचडी २८० प्रो (६४ ओहम) बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असा कंपनीचा दावा आहे. कीर्तन-सप्ताहासाठी माझी पसंती त्यालाच. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सची (३८ ओहम) वायर निघते, पण तिची पिन फिरवून अडकवायची २.५ मिमीची असते. ती तिवशाच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका, जादा वायर सोबत ठेवा.

एक गोष्ट ठाम सांगतो. हेडफोनवर पूर्ण मिक्स करू नका. हेडफोन दोष शोधायला, मिक्स ठरवायला लोकांमध्ये जाऊन उघडे कान. चॅनल ऐका, दोष काढा, नको ते माइक बंद करा, कीर्तनकाराच्या माइकचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, आणि मग मागच्या रांगेत जाऊन उभे राहा.

निकाल आवाज कमी करायला सांगतो. तो कमी करूनही शेवटच्या म्हातारीला अभंगाचा प्रत्येक शब्द कळला पाहिजे, हे काम साउंडवाल्याचं. लाखभर रुपयांचे बेस घेणाऱ्या मंडळांनी आणि सप्ताह समित्यांनी चांगल्या हेडफोनसाठी काही हजार बाजूला काढले, तर गावाची झोप टिकेल आणि साउंडवाल्याचे कानही.