अंदाजानं म्हणजे किती?

भाची न्यू जर्सीत एडिसनला निघाली, तेव्हा ताईनं बॅगेत चार किलो भाजणी कोंबली. तिथल्या ओक ट्री रोडवर पोहे, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं हो! २००७मध्ये तर लासलगावला विकिरण केलेला हापूसही अमेरिकेत पोचला. पण घरच्या भाजणीची चव दुकानात कुठली? ती संपल्यावर मला फोन. "मावशी, आईला प्रमाण विचारलं, तर म्हणते अंदाजानं घे!"

मैत्रिणींनो, आपला अंदाज पोरींच्या काय कामाचा? मी ताईला बसवून वाटीनं मोजून घेतलं. चार वाट्या धान्याला अर्धी वाटी उडीद, पाव वाटी धणे. वहीत उतरवलं. ही वही मुलांनाही द्यावी, असं माझं स्पष्ट मत. त्यांना भूक लागत नाही का?

ताई मात्र रुसलीय. म्हणते, "आता मला फोन कशाला करील ती?"