सवलतीतला रुंद मॉनिटर घ्यावा का?

सेल लागला की पनवेलमधले घरून काम करणारे पेशंट मान दाखवता दाखवताच विचारतात, "डॉक्टर, ३४ इंची अल्ट्रावाइड स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" किंमत नंतर बघा, आधी टेबलाची खोली टेपने मोजा. ही स्क्रीन जवळजवळ ८० सेंमी रुंद असते आणि ती डोळ्यांपासून हातभर लांब, म्हणजे ६० ते ७० सेंमीवर हवी. आपल्या फ्लॅटमधल्या दीड फुटी टेबलावर स्टँडच निम्मी जागा खातो, स्क्रीन नाकासमोर येते आणि कडेचं वाचायला मान दिवसभर डावी-उजवी फिरते. चाळिशीनंतरचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्रास जास्तच, कारण त्या काचांतून बाजूचं धूसर दिसतं.

टेबल अडीच फूट खोल असेल आणि सध्या दोन मॉनिटर शेजारी ठेवून काम करत असाल, तर खुशाल घ्या. मधली फट जाते, हा खरा फायदा. वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली ठेवा. लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांनी मात्र त्याच पैशातले थोडे आधी लॅपटॉप स्टँड आणि वेगळ्या कीबोर्डवर घालावेत. (खुर्चीबद्दल कोणी विचारतच नाही!) आणि मानेसोबत हाताला मुंग्या येत असतील, तर खरेदी राहू द्या, आधी तपासून घ्या.