दुवा द्यावा तर असा



मागच्या महिन्यात शेजारची नववीतली मुलगी शाळेचा प्रकल्प दाखवायला आली. विषय होता आपला २ ऑगस्टचा मुक्तिदिन. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं होतं की खानवेल १९६१ साली गोव्याबरोबर मुक्त झालं. ‘हे कुठून घेतलंस?’ असं विचारल्यावर तिनं फोन पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश होता, आणि तो ग्रुपवर टाकणारा मीच!

माहिती शोधणं, पारखणं आणि ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोचवणं हे माझं नोकरीतलं काम. त्याला ज्ञान-व्यवस्थापन असं भारदस्त नाव आहे. ऑफिसात मी एकेक दुवा तपासून देतो, आणि घरी मात्र शेवटपर्यंत न वाचताच पुढे ढकलला. चूक माझी होती, म्हणून मग आम्ही दोघं मिळून शोधायला बसलो.

तारखा लवकरच जुळल्या. दादरा जुलै १९५४ मध्ये मुक्त झालं, सिल्वासा २ ऑगस्टला. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपली तुकडी घेऊन सिल्वासाहून खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदवा इथे शरण आला. मग १९६१ कुठून आलं? दहाव्या घटनादुरुस्तीनं आपला प्रदेश भारतात रीतसर सामील झाला तो ११ ऑगस्ट १९६१ रोजी. गोवा मुक्त झालं त्याच वर्षी डिसेंबरात. संदेश लिहिणाऱ्यानं दोन्हींची खिचडी केली आणि मधली सात वर्षं गिळून टाकली. सुधीर फडके, राजा वाकणकर यांच्यासारखी माणसं जिवावर उदार होऊन इथे आली, ती त्या एका ओळीत पुसली गेली.

खरा खजिना मात्र पुढे सापडला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संकेतस्थळावर पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला कागदपत्रांसकट फुकट वाचायला मिळतो. निकाल १२ एप्रिल १९६० चा. दमणहून इकडे यायची वाट भारतानं अडवली, अशी पोर्तुगालची तक्रार होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असं न्यायालयानं ८ विरुद्ध ७ मतांनी ठरवलं. एका मताचा फरक!

त्याच निकालात १७७९ चा पेशवे-पोर्तुगीज तह येतो आणि ‘सरंजाम’ हा आपला शब्दही येतो. पोर्तुगीजांना १२,००० रुपयांचा महसूल दिला होता की गावांचं राज्यच, असा वाद होता. सरंजाम म्हणजे महसूल, सार्वभौमत्व नव्हे, असं न्यायालयानं मानलं. मुलीनं लगेच विचारलं, ‘काका, सरंजाम म्हणजे नक्की काय?’ तेव्हा शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई शब्दकोशांचा विभाग उघडला. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्हींत तिथे शब्द घालून शोधता येतो. आजोबांच्या बोलण्यातला एखादा शब्द अडला तर जरूर वापरून पाहा.

आणखी दोन ठिकाणं सांगतो. मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे. त्यातले लेख जाणकारांनी लिहिलेले आहेत, पण पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे इतिहास-भूगोल खुशाल घ्या, लोकसंख्येचे आकडे मात्र जनगणनेच्या संकेतस्थळावरून घ्या. २०११ मध्ये आपल्या प्रदेशाची लोकसंख्या ३,४३,७०९ होती. दुसरं ठिकाण म्हणजे इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. जपून ठेवलेला दुवा उघडेनासा झाला की तो पत्ता तिथे टाकायचा. पुष्कळदा त्या पानाची जुनी प्रत मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पाठवण्याची रीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. नुसता निळा दुवा टाकला की तपासायचं सगळं ओझं आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. म्हणून मी आता दुव्यासोबत तीन ओळी लिहितो: हे काय आहे आणि कोणी लिहिलंय, कोणाच्या कामाचं आहे, आणि नेमकं कुठे पाहायचं. या तीन ओळी लिहिता येत नसतील, तर ते मी वाचलेलं नाही असा त्याचा अर्थ. मग पाठवायचंही नाही.

तारीख, आकडा किंवा औषधपाणी असेल तर आणखी एक पथ्य: एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तेच सापडलं पाहिजे. दहा ग्रुपवर आलेला एकच संदेश म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

मुलीनं प्रकल्पाचं पहिलं पान नव्यानं लिहिलं. मीही ग्रुपवर चूक कबूल करून दुरुस्ती टाकली, तीन ओळींसकट. पहिल्या संदेशाला चाळीस अंगठे आले होते, दुरुस्तीला सहा. चुकीची बातमी अशीच पुढे धावते आणि दुरुस्ती मागून लंगडत येते. त्या सहांमध्ये एक आजोबा होते. त्यांनी लिहिलं, ‘१९५४ मध्ये मी इथेच होतो. कुणाला ऐकायचं असेल तर घरी या.’

ते कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं वही आणि फोन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत. तुमच्या घरी असं कोणी असेल, तर शोधाची सुरुवात तिथूनच करा.