आपलं नाटक आपणच लिहायचं, पण...

सगळ्यात आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दहा रुपये फाईन! त्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर. तरीही लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या एकांकिकेबद्दल लिहितेय ती मराठीत होती.

यंदा गॅदरिंगसाठी आम्ही ठरवलं, तयार स्क्रिप्ट आणायची नाही, स्वतः लिहायची. विषय, दहावी ते बारावीतली मैत्री. झालं! लगेच सल्ले सुरू. "हा काय विषय आहे?" "शेतकरी आत्महत्या घ्या, दंगल घ्या, बक्षीस नक्की." गंमत म्हणजे ग्रुपमधल्या ज्या दोघांच्या घरी खरंच शेती आहे, ते गप्प बसले होते. त्यांनी उद्या शेतीवर लिहिलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. पण आम्ही बाकीच्यांनी पेपरातली बातमी वाचून स्टेजवर हंबरडा फोडायचा, हे मला पटत नाही.

पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक होतो. "अरे आव्वाज कुणाचा" ही आरोळी आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. त्याच स्पर्धेत २०२२ साली अंतिम फेरी झाली आणि परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा वाद झाला त्यावर! निर्णय बरोबर की चूक ते जाणकार ठरवतील. मला मात्र त्या बातमीने एक प्रश्न दिला. आपण आवाज मोठा करतो, पण तो आवाज आपला असतो का?

आमचा नव्हता. पहिला ड्राफ्ट वाचला तर सायकली, दोन वेण्या, बाकावर कोरलेलं नाव. सगळं मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधून आल्यासारखं! ती कादंबरी २००४ ची, आणि तिच्यातला काळ आणीबाणीचा. आमच्या आईबाबांच्या लहानपणातला. आमच्यात एकीलाही दोन वेण्या नव्हत्या. आमच्या मैत्रीत क्लासच्या बॅचेस होत्या, टेस्टचे रँक होते, "माझा काहीच अभ्यास नाही गं" असं सांगून रात्री दोनपर्यंत जागणं होतं. मग ते का नाही लिहायचं? ड्राफ्ट फाडला.

दिग्दर्शक सीनिअरने सांगितलं, प्रत्येकाने खरा घडलेला एक प्रसंग आणायचा आणि तालमीत तो करून बघायचा. संवाद नंतर. मी माझ्या बेंचमेटचा प्रसंग आणला. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. बारावीच्या निकालाच्या दिवशी तिचा फिजिक्स राहिला. ती घरी गेलीच नाही. एस.टी. स्टँडवर रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत एकटी बसून राहिली.

प्रसंग सगळ्यांना आवडला. बासरी ठरली, निळा स्पॉट ठरला. शेवटी मैत्रीण धावत येते, तिला मिठी मारते आणि ब्लॅकआऊट. तालमीला आलेल्या मुली रडल्या. मलाही भारी वाटलं.

पण त्या रात्री झोप येईना. कारण मी गेलेच नव्हते. तिचे तीन मिस्ड कॉल होते. आमच्याकडे पेढे वाटणं चाललं होतं आणि मोबाईल सायलेंटवर टेबलावर थरथरत होता. मी बघितलं, आणि उचलला नाही. काय बोलायचं कळत नव्हतं हे खरं. पण माझा आनंद मला बिघडवायचा नव्हता, हे त्याहून खरं. स्टँडवरची हकिगत मला तिने दोन महिन्यांनी सांगितली. म्हणजे मैत्रिणीचं दुःख मी तिला न विचारता घेतलं, वर त्यात स्वतःला हीरॉईन केलं!

एकांकिका बाहेर जाहीर करायची तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. लेखकाचं परवानगीपत्र लागतं. पण जिची गोष्ट आहे तिची परवानगी? ती कुठल्याच फॉर्ममध्ये नसते. दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "स्टँड राहू दे. पण तू आलीस असं दाखवू नकोस."

आम्ही शेवट बदलला. स्टँड काढून टाकला, बासरी गेली, निळा स्पॉट गेला. स्टेजवर फक्त एक टेबल, पेढ्यांचा बॉक्स, थरथरणारा मोबाईल आणि त्याच्याकडे बघणारी मुलगी. ती फोन उचलत नाही. संपलं. यावेळी तालमीत कुणी रडलं नाही. पण मेसमध्ये दोन जणी जेवता जेवता उठून बाहेर फोन करायला गेल्या, ते मी पाहिलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठा विषय मिळेपर्यंत थांबू नका. आपल्या वयाची गोष्ट आपल्याइतकी कुणाला ठाऊक आहे? मात्र सुरुवात मित्राच्या जखमेपासून नको, स्वतःच्या चुकीपासून करा. मित्राचं काही घेतलंत तर आधी विचारा. तो नाही म्हणाला तर ते पान फाडा. "आम्ही किती छान मित्र होतो" हे सांगायला फेअरवेलची भाषणं आहेतच की! नाटकात आपण केव्हा छान नव्हतो ते यायला हवं. मोठं होणं म्हणजे कदाचित एवढंच असावं.

आणि सर, मॅडम, एक विनंती. अशी तालीम घड्याळ बघून होत नाही. मुलींच्या हॉस्टेलचा इन-टाइम नाटकाच्या महिन्यापुरता तासभर वाढवलात, तर पुढच्या वर्षी मुलींची एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडून पळावं लागणार नाही.

बेंचमेटला गॅदरिंगचं आमंत्रण दिलंय. येईन म्हणालेली नाही. पण फोन उचलते आता. आणि मीसुद्धा.